आधी एसएमपीएस की आधी ग्राफिक्स कार्ड?

संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. गेमसाठी असा संगणक बांधायचा तर भागांची निवड नेहमीसारखी राहत नाही. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या 230 व्होल्टच्या विजेचे 12 व्होल्ट डीसी करून देणारा डबा, एरवी यादीत शेवटी असतो; इथे तो वर सरकतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आणखीही काही गोष्टी मध्ये येतात : मे महिन्याचा उकाडा, चार महिन्यांची दमट हवा, जुन्या इमारतींचे वायरिंग आणि लुकलुकणारी लाइट. एवढे असताना हा खटाटोप करावा का, आणि केलाच तर पैसे आधी कशावर घालावेत, यावर एक हौशी आणि एक साशंक यांचे जमत नाही.

हौशी : ओव्हरक्लॉकिंग म्हणजे यंत्रावर केलेली दांडगाई, असा समज आहे. मुळात एकाच वेफरमधून कापलेल्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत. कंपनीला मात्र लाखो चिपांवर एकच आकडा छापायचा असतो, म्हणून तो त्यांतल्या अशक्त चिपलाही झेपेल असा ठेवतात. उरलेल्या चिपांत जो वाव राहतो तो गिऱ्हाइकाने पैसे देऊन घेतलेला, पण न वापरलेला माल. 1998 चा इंटेलचा सेलेरॉन 300ए हे त्याचे ठळक उदाहरण. मदरबोर्डवर बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की हा स्वस्तातला 300 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर 450 वर चाले आणि कितीतरी महाग पेन्टियम टूच्या पंगतीला बसे. 2011 चा कोअर आय5-2500के होता 3.3 गिगाहर्ट्झचा, बरा हीटसिंक लावून त्याला 4.5 वर नेणे नवशिक्यालाही जमायचे. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे हे आहे. रेल्वेने बाक तिघांचा धरला आहे, पण तो चौघांना पेलतो, आणि बदलापूरहून सुटलेल्या गाडीत चौथ्याला कुणी उठवत नाही.

साशंक : तो काळ गेला. आता चौथ्याला कंपनीच बसवून पाठवते. कोअर आय9-14900के खोक्यातून काढून नुसता लावला तरी 6 गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो आणि भर कामात 253 वॅटपर्यंत ओढतो. त्याच्यात उरलेला वाव कंपनीने आधीच विकून टाकला आहे, आणि तोही जरा जास्तच. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम मध्येच बंद पडू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि त्याने हळूहळू झिजतो, हे इंटेलनेच मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी बायोसला, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगना, हातही लावला नव्हता त्यांच्यावर ही वेळ आली.

हिशेबही उलटा आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, 5 गिगाहर्ट्झला 1.20 व्होल्ट लागतात आणि 200 वॅट खर्च होतात. 5.3 गिगाहर्ट्झसाठी 1.35 व्होल्ट द्यावे लागले, तर वेग वाढला 6 टक्के आणि वीज 268 वॅटवर गेली, म्हणजे 34 टक्के जास्त. हे 68 वॅट उष्णता होऊन खोलीतच राहतात. गेममध्ये त्या 6 टक्क्यांतले निम्मेही दिसतील याची खात्री नाही, कारण बहुतेक वेळा अडकलेले असते ग्राफिक्स कार्ड.

हौशी : हा हिशेब मान्य, आणि त्याचाच दुसरा अर्धा भाग हौसेच्या बाजूने आहे. तोच प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झवरच ठेवून 1.20 ऐवजी 1.10 व्होल्टवर स्थिर चालला, तर 200 चे 168 वॅट होतात. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. आयुधे तीच, बायोसची पाने तीच, तासन्‌तास चाचण्या लावून बसणेही तेच. आजचा जाणता हौशी प्रोसेसरचा आकडा फुगवत बसत नाही. चिप किती कमी व्होल्टेजवर तग धरते ते तो आधी शोधतो आणि वाचलेली वीज वेगाकडे वळवायची की नाही ते मग ठरवतो. भागांची निवड त्यावरूनच होते. इंटेलमध्ये गुणक, म्हणजे बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, बदलायचा तर प्रोसेसरच्या नावात ‘के’ हवा आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा. बी मालिकेच्या बोर्डावर रॅमचा वेग तेवढा वाढवता येतो. एएमडीकडे बी650 सारख्या मधल्या बोर्डावरही सगळे उघडे असते, ए620 वर नाही. रायझन 7 7800एक्स3डीचा गुणक बंद आहे, पण कर्व्ह ऑप्टिमायझरने त्याचे व्होल्टेज उतरवता येते, आणि गेममध्ये तो शंभर वॅटच्या आतच राहतो. त्याच्यासोबत 6000 च्या वेगाची डीडीआर5 रॅम घ्यायची. एएमडीचा अधिकृत आकडा 5200 आहे, त्यामुळे रॅमला हा चढा वेग देणारे एक्स्पो प्रोफाइल चालू करणे हेही कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच. ‘मी ओव्हरक्लॉक करत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या संगणकात ते आजही चालू आहे.

मदरबोर्ड घेताना रंगीत दिवे मोजायचे नाहीत. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती व्हीआरएम असतो, म्हणजे 12 व्होल्टचे सव्वा व्होल्ट करणारी मंडळी; त्यांच्यावर धातूचे जाड हीटसिंक आहे का, ते पाहायचे. तिथे उघडी चिप दिसली तर दुकानदाराला बोर्ड परत द्यायचा.

साशंक : हे सारे आकडे कुठल्या खोलीतले आहेत, ते विचारायला हवे. एसएमपीएसला कार्यक्षमतेचा 80 प्लस हा शिक्का मिळतो तो 23 अंशांच्या आसपास घेतलेल्या चाचणीवर. कूलरच्या परीक्षणांतही खोलीचे तापमान साधारण तेवढेच असते. मे महिन्यात बदलापुरात दुपारी पारा 40 च्या घरात जातो आणि वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही 34-35 अंश असतात. हीटसिंक हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो फक्त प्रोसेसर आणि हवा यांतला फरक कमी ठेवतो. तो फरक 60 अंश असेल, तर 23 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 83 वर राहील आणि 36 अंशांच्या खोलीत 96 वर. इंटेलच्या या प्रोसेसरांची सीमा 100 अंश, 7800एक्स3डीची 89. सीमा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. म्हणजे जानेवारीत कमावलेले 6 टक्के मेमध्ये यंत्रच काढून घेते.

एसएमपीएसचे दुखणे याहून खोल आहे. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मे होते. स्वस्त डब्यात 85 अंशांचे कपॅसिटर घालतात, बऱ्या डब्यात 105 चे. दोन्हींवर वॅटचा आकडा एकच असू शकतो. शिवाय 500 वॅट ओढणारा संगणक खोलीत तेवढीच उष्णता ओततो. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर काढतो तिचा सातवा हिस्सा. एसी नसेल तर तो सातवा हिस्सा माणसाने आणि यंत्राने वाटून घ्यायचा.

तिसरी गोष्ट हवेची. अंबरनाथ आणि बदलापूरला रासायनिक कारखाने आहेत आणि वालधुनी नदी तिन्हीसांजेला कशी वास मारते ते काठावरच्यांना ठाऊक आहे. सडलेल्या पाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदी काळी करतो. दमट हवेत हे काम लवकर होते. रॅमच्या पट्टीवर सोन्याचा पातळ मुलामा असतो तो यासाठीच, पण तो फक्त पिनांवर.

हौशी : हवेबद्दलचा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर कॅबिनेटच्या निवडीत सापडते. पुढून अखंड काच असलेले कॅबिनेट इथे घेऊच नये. पुढे जाळी, आत ओढणारे दोन मोठे फॅन, मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की धूळ फटींतून शिरत नाही, फिल्टरवर अडते. बदलापुरात नव्या इमारतींची सिमेंटची धूळ आहे, उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या आसपास लाकडाची. पावसाळ्यात ही धूळ ओलावा धरते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा बसतो, म्हणून फिल्टर महिन्याला धुवावा आणि दर हंगामाला ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवायचे. ते भरभर फिरले तर बेअरिंग जाते. पाण्यावर चालणारा कूलर दिसायला देखणा, पण त्यात पंप आहे आणि नळीतून पाणी वर्षानुवर्षे कणाकणाने उडत जाते. या हवेत तांब्याच्या हीट पाइपचा मोठा एअर कूलर बरा. त्यात बिघडणारी वस्तू एकच, त्याचा फॅन, आणि तो कुठेही मिळतो.

तापमानाचे म्हणाल तर बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवता येतात. मार्च ते जून कमी व्होल्टेजचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चढ्या वेगाचे. ऋतूप्रमाणे पांघरूण बदलणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

(इथे वाद थोडा बाजूला ठेवून एक सांगायला हवे. परदेशी परीक्षणांत 60 अंशांचा फरक दिसला की वाचक पुढचे पान उलटतो. आपल्या खोलीचे तापमान त्यात मिळवण्याचे काम त्याने स्वतः करायचे असते, आणि भाग विकणारा ते करून देत नाही.)

साशंक : आता डब्यावरच्या आकड्याकडे यावे. उल्हासनगर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवले. 1949 मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि वस्त्या अजून कॅम्प एक ते पाच अशाच ओळखल्या जातात. हाताशी काही नसताना या लोकांनी घराघरात वस्तू बनवल्या आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद साऱ्या मुंबईत रुजला. एसएमपीएसच्या धंद्यात तो विनोद आता साऱ्या देशाला लागू पडतो. ठोकळ्यावर 450 छापलेले असते. पण शेजारच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते पाहावे. 16 लिहिले असेल, तर 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच 12 व्होल्टवरून घेतात, उरलेली 3.3 आणि 5 व्होल्टवरची बेरीज कागदावर शोभते. वजनही फसवते. लोखंडी पत्रा जाड लावला की डबा भारदस्त लागतो.

हौशी : म्हणून तर 12 व्होल्टची रांग वाचायची सवय लावावी, आणि उल्हासनगरच्या बाजारावर राग काढू नये, तिथेही अस्सल माल मिळतो आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला तरी तिथे तोच तक्ता वाचावा लागतो. चांगल्या एसएमपीएसवर 650 छापले असेल, तर 12 व्होल्टवर 54 अँपिअरच्या आसपास लिहिलेले असते, म्हणजे जवळपास पूर्ण 650. त्यात अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारी यंत्रणा, असते, 100 ते 240 व्होल्ट अशी मोकळी कक्षा असते आणि पाठीमागे 115-230 चा लाल खटका नसतो. तो खटका दिसला की पुढचे काही बघण्याची गरज नाही.

मग बेरीज. 7800एक्स3डीला 90 वॅट धरावेत, आरटीएक्स 4070 सुपरला 220, बोर्ड, रॅम, दोन एसएसडी आणि फॅन मिळून 70. झाले 380. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा 10 टक्के वाढवली तर 402. याला चांगला 650 चा डबा पुरतो आणि तो साठ-पासष्ट टक्क्यांवर चालत असल्याने फॅन शांत राहतो. तेच कार्ड 14900के सोबत लावले तर 253, 220 आणि 70 मिळून 543. प्रोसेसर मोकळा सोडला तर सहाशेच्या पुढे. तिथे 850 लागतो. म्हणजे डबा किती मोठा हवा ते प्रोसेसर निवडतानाच ठरून जाते.

साशंक : ही बेरीज सरासरीची आहे. ग्राफिक्स कार्ड सरासरीने जगत नाही. 2020 च्या आरटीएक्स 3080 सारख्या कार्डांनी बेरजेत बसणारे एसएमपीएस पाडून दाखवले, कारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्यांची मागणी सरासरीच्या कितीतरी वर उसळे आणि डब्यातली संरक्षक यंत्रणा त्याला शॉर्ट सर्किट समजून वीज तोडे. इथे ओव्हरक्लॉक केलेले कार्ड त्या उसळीवर आणखी उसळी चढवते.

हौशी : त्यासाठीच 2022 मध्ये एटीएक्स 3.0 हे मानक आले. त्याप्रमाणे बनवलेल्या डब्याने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी 100 मायक्रोसेकंद सोसायची असते. सोबत 600 वॅटचा सोळा पिनांचा जोड आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आरटीएक्स 4090 च्या जोडांचे प्लास्टिक वितळल्याच्या बातम्या आल्या, हेही लपवायचे कारण नाही. जोड अर्धवट बसला की थोड्या पिनांवर सगळा भार येतो. 2023 च्या सुधारणेत संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे जोड पूर्ण बसल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज मागतच नाही. घेताना 12व्ही-2एक्स6 लिहिलेला घ्यावा, जोड शेवटपर्यंत दाबावा आणि तोंडाशीच वायर मुडपू नये. 220 वॅटच्या कार्डाला तर हे भय फारसे नाहीच.

80 प्लसमध्ये गोल्ड की ब्रॉन्झ, यावर मात्र फार डोके लढवू नये. 400 वॅटच्या भाराला 85 ऐवजी 90 टक्के कार्यक्षमता मिळाली, तर भिंतीतून 471 ऐवजी 444 वॅट घेतले जातात. रोज चार तास खेळले तरी महिन्याला वाचतात सव्वातीन युनिट. गोल्ड घ्यायचा तो बिलासाठी नव्हे. त्याच्यात कपॅसिटर सहसा बरे असतात आणि वॉरंटी लांबलचक, म्हणून.

साशंक : एटीएक्सचे मानक डब्याच्या आतले सांगते. डब्याच्या मागची पिन ज्या भोकात जाते तिथे कुठले मानक आहे? जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नसते, किंवा असते ती कुठेच पोहोचत नाही. याची खूण सोपी आहे. लादी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी, आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोटाची मागची बाजू लागली की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर आत मंद दिवा लागतो. घरचे म्हणतात, संगणक शॉक मारतो. त्याचा दोष नसतो. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यापासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला कचरा त्यांनी अर्थिंगमध्ये सोडायचा. अर्थिंगच नसले की पत्रा मध्येच लटकतो, 115 व्होल्टच्या आसपास. प्रवाह मिलिअँपिअरहून कमी, म्हणून जीव जात नाही. पण एचडीएमआयची केबल टीव्हीला जोडताना ठिणगी उडते आणि पोर्ट जातो. स्पाइक बस्टरही अशा घरात अर्धाच कामाचा, कारण त्याने लाट ढकलायची कुठे?

दुसरे, न्यूट्रल. पावसाळ्यात डीपीपाशी किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरे एकमेकांत गुंततात आणि ज्या घरात भार कमी, तिथे 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्टेज चढते. अॅक्टिव्ह पीएफसीच्या डब्यात मुख्य कपॅसिटर साधारण 400 ते 450 व्होल्टचा असतो. 300 व्होल्ट एसीचे शिखर भरते 424. म्हणजे सर्वांत महाग डबाही या एका प्रसंगात गेला. जळालेल्या भागाला वॉरंटी बहुधा हात वर करते.

तिसरे, लाइट. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई महानगर प्रदेशात झाला तसा तासन्‌तासांचा अंधार विरळा. संगणकाला त्रास होतो तो डोळे मिचकावण्याएवढ्या खंडाचा. आपल्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. एटीएक्स 3.0 प्रमाणे डब्याने पूर्ण भारावर 12 मिलिसेकंद आणि 80 टक्के भारावर 17 मिलिसेकंद तग धरायचा. साधा यूपीएस बॅटरीवर यायला सहा ते दहा मिलिसेकंद घेतो, घरचा इन्व्हर्टर याहून जास्त. डबा जेवढा ताणलेला, तेवढा हा तग कमी. आणि दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस देतो 360 वॅट. वर केलेल्या 402 वॅटच्या बेरजेला तो लाइट जाताच कोलमडतो. त्यात त्याची लहर चौकोनी असली, तर काही अॅक्टिव्ह पीएफसीचे डबे ती स्वीकारत नाहीत.

हौशी : तिन्ही दुखण्यांवर इलाज आहेत आणि एकही ग्राफिक्स कार्डाएवढा महाग नाही. इमारतीला अर्थिंगचा खड्डा असेल, तर वायरमन मीटरपेटीपासून खोलीपर्यंत हिरवी वायर ओढून देतो. एमसीबीच्या पेटीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला की न्यूट्रल तुटल्यावर तो घर तोडतो. त्याने फ्रिज आणि टीव्हीही वाचतात, तेव्हा त्याचा खर्च संगणकावर टाकणे अन्यायाचे. यूपीएस शुद्ध साइन लहरीचा आणि भाराच्या दीडपट घ्यावा. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नसतो. फाइल जतन करून मशिन बंद करायला पाच मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले. स्टॅबिलायझरची मात्र गरज नाही. व्होल्टेज 170 पर्यंत उतरले तरी मोकळ्या कक्षेचा डबा चालतो, फक्त 2.4 च्या जागी 3.3 अँपिअर घेतो आणि थोडा तापतो. आणि तळमजल्यावर राहणाऱ्याने कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे आणि वालधुनीचे पाणी कुठवर चढले होते त्याच्या खुणा शेजारी दाखवतात.

साशंक : म्हणजे यादीचा क्रमच उलटला. संगणक घ्यायला निघालेल्या मुलाने आधी अर्थिंग, मग प्रोटेक्टर, मग यूपीएस, मग एसएमपीएस, आणि उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड घ्यायचे. स्वतःच्या घरात हे जमेल. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीत वायर ओढायची का? सोसायटीला अर्थिंगचा खड्डाच नसेल आणि इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर असेल, तर कुणाला सांगायचे? अशा घरात शहाणपण हेच, की 4060 सारखे 115 वॅटचे कार्ड घ्यावे, सगळे कारखान्याच्या आकड्यांवर चालवावे आणि 550 चा चांगला डबा लावून मोकळे व्हावे.

हौशी : भाड्याच्या घरातल्याला तर अंडरव्होल्टिंग जास्तच उपयोगी. भिंत सुधारता येत नाही, तर भिंतीकडून मागणे कमी करता येते. 220 वॅटचे कार्ड थोड्याशा नुकसानीत 180 वर बसवता येते आणि ते 115 वॅटच्या कार्डाहून खूप पुढे राहते. जे कौशल्य धोक्याचे म्हणून नाकारले जाते, त्यानेच धोका कमी होतो.

साशंक : कमी व्होल्टेजचाही एक धोका आहे आणि तो आवाज करत नाही. या गावांत गेमचा संगणक फक्त गेमचा नसतो. दिवसा त्यावर दुकानाचे टॅली चालते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते. भाग धंद्याच्या नावावर घेतले की 18 टक्के जीएसटीची वजावटही मागता येते, म्हणून बिल त्याच नावाने फाडलेले असते. गेम बंद पडला तर कळते. रॅम काठावर चालत असेल आणि लाखो बिटांतला एखादा उलटला, तर कळत नाही. खातेवहीतली एखादी रक्कम किंवा फोटोंची एखादी फाइल बिघडते आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाते. घरगुती संगणकात सहसा ईसीसी रॅम नसते, ती चूक पकडायला कुणी नसते. मग रॅमच्या 6000 च्या वेगाची किंमत कुणी मोजली? खेळणाऱ्याने की खाते लिहिणाऱ्याने?

हौशी : म्हणून रॅमची चाचणी रात्रभर लावायची. मेमटेस्टच्या चार फेऱ्यांत एकही चूक दिसली तर वेग उतरवायचा. प्रोसेसर आणि कार्डाची चाचणी वेगळी, मग दोन्हींची एकत्र, कारण एसएमपीएसची खरी परीक्षा दोघे एकदम ओढतात तेव्हाच होते. सॉकेटला लावायचा वॅटमीटर मिळतो. त्यावर आकडा बघत बसावे आणि डब्याच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपलीकडे तो जात असेल, तर मर्यादा खाली आणावी. भिंतीतला आकडा डब्याच्या आकड्याहून मोठाच दिसणार, त्यात डब्यात वाया जाणारी वीजही असते.

साशंक : आणि ही चाचणी कोणत्या महिन्यात?

हौशी : मेमध्ये, दुपारी तीनला, एसी बंद ठेवून. त्यात जे तगले ते वर्षभर तगेल.

साशंक : मग हिवाळ्याचे दुसरे प्रोफाइल ठेवायचे कारण उरत नाही. मेमध्ये तगणारा वेग आणि कारखान्याचा वेग यांत किती अंतर उरते, ते मांडून दाखवावे. इंटेलच्या वरच्या प्रोसेसरांत ते शून्याखाली जाईल.

हौशी : तिथे जाईल. 7800एक्स3डीत किंवा मर्यादा उतरवलेल्या कार्डात जाणार नाही. तिथे कमी विजेत तेवढाच वेग मिळतो आणि तो मेमध्येही टिकतो. डिसेंबरच्या रात्री बारा-पंधरा अंशांची सवलत निसर्गच देतो. ती न वापरण्याचे कारण तांत्रिक नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

साशंक : तांत्रिक नाही, हे मान्य. मार्चमध्ये प्रोफाइल परत फिरवायला कोण लक्षात ठेवणार, एवढेच विचारायचे आहे. ज्या घरात फिल्टर महिन्याला धुतला जातो, तिथे लक्षात राहीलही. जिथे तो पहिल्या पावसापासून तसाच आहे, तिथे पैसे 650 वरून 850 कडे न्यावेत की तेवढ्यात यूपीएस मोठा घ्यावा?

हौशी : फिल्टर न धुणाऱ्याने यूपीएस घ्यावा. धुणाऱ्याने 850 घ्यावा. पुढच्या कार्डाला तोच चालेल.

साशंक : धुणाऱ्यानेही यूपीएसच घ्यावा. पुढचे कार्ड येईल तेव्हा डब्याचे बघता येईल. न्यूट्रल तोवर थांबेल असे नाही.

हौशी : न्यूट्रलला यूपीएस नव्हे, प्रोटेक्टर लागतो, आणि तो यादीत आधीच वर गेला आहे.